सतरा नंबरच्या हिराकाकी

हिराकाकींनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "तुझ्या दारात झाड कुठलं आहे गो?"

खरं म्हणजे त्या खोलीत प्रश्न विचारायचं काम माझं होतं. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगावरच्या नव्या औषधांच्या चाचण्या चालत आणि मी तिथे समन्वयक होते. समन्वयक म्हणजे कागदांची मालकीण. रुग्णाला चाचणी समजावून सांगायची, संमती घ्यायची, गोळ्यांची बाटली हातात द्यायची, पुढच्या भेटीला ती परत मागायची, आणि या सगळ्यावर सही, तारीख, वेळ घालायची. या कामाचा मला भारी अभिमान होता. माझ्या फाइलीत एक रकाना रिकामा सापडला तर दाखवा, असं मी तपासायला येणाऱ्या लोकांना तोंडावर सांगत असे.

"मी विरारला मनवेलपाड्यात राहते, काकी. तिसरा मजला. दारात शेजाऱ्यांच्या चपला असतात."

"कुंडी तरी?"

"तुळस होती. सुकली."

काकींनी शेजारी बसलेल्या काकांकडे पाहिलं. "बघा. ही माझ्या गोळ्या सांभाळणार."

काकांनी नुसती मान हलवली. ते सहसा बोलतच नसत. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत फायली आणि त्यांच्यावर केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी, अशा थाटात ते पुढची दोन वर्षं काकींच्या शेजारी बसले. दोघं आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. मी विरारची असूनही मला त्यातलं निम्मं कळत नसे, आणि ते मला कळत नाही हे काकींना बरोबर कळत असे.

वसईजवळ सांडोरला त्यांची वाडी होती. केळी, थोडी भाजी, कुंपणाला मोगरा, आणि मागच्या दारी पपनसाचं एक जुनं झाड. काकींना सदुसष्ट वर्षं पूर्ण झाली होती. बुटक्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचायची सवय इतकी की रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवरही त्या पाटाच्या पाण्यातून चालल्यासारखं पाय उचलून चालत. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही कारण नसताना वाढत चालल्या होत्या. मानेत, काखेत गाठी आल्या होत्या. केमोथेरपी दोनदा होऊन गेली होती आणि दोन्ही वेळा आजार परत आला होता. आता डॉक्टरांच्या हातात भरवशाचं असं फारसं काही उरलं नव्हतं. उरली होती ती ही चाचणी : निम्म्या लोकांना नवी गोळी, निम्म्यांना आधीपासून चालत आलेला उपचार.

संमतीपत्र बावीस पानांचं होतं आणि ते समजावून देण्याचं चित्रीकरण करावं लागे. कॅमेरा सुरू झाला की लोक अंग चोरतात, हो हो म्हणत राहतात. काकींनी पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि आमच्या डॉक्टर मॅडमचीच परीक्षा घ्यायला सुरुवात केली.

"कोणाला कुठली गोळी, हे ठरवणार कोण?"

"कॉम्प्युटर ठरवतो, काकी," मॅडम म्हणाल्या. "मी नाही, तुम्हीही नाही. चिठ्ठ्या टाकतात ना, तसंच."

मला वाटलं, आता या उठणार. इथेच पुष्कळ लोक उठतात. आपल्या जिवाचा निर्णय चिठ्ठीवर, ही गोष्ट कोणाच्याही घशाखाली उतरत नाही. काकी मात्र खुशीत आल्या.

"बरं झालं. माणसाच्या हातात दिलं असतं तर घोटाळा झाला असता."

"तो कसा?" मॅडमनी विचारलं. त्यांनाही हे नवीन होतं.

मग काकींनी काकांची गोष्ट सांगितली, काकांच्या समोर आणि कॅमेऱ्याच्या समोर. कोणीतरी नवं खत घेऊन वाडीत आला होता. काकींची रीत अशी की नवं काही आलं तर केळीच्या काही ओळींना घालायचं आणि काही ओळी तशाच ठेवायच्या. त्याला त्या 'तशीच ओळ' म्हणत. तशीच ओळ नसेल तर खताने काम केलं की पावसाने, हे कळणार कसं? तर काकांना सांगितलं, अहो, घाला खत. काकांनी ते घातलं नेमकं बावखलाच्या काठच्या ओळींना. बावखल म्हणजे वाडीतलं पाणी साठवायचं तळं. त्याच्या काठची केळ काहीही न घालता अशी माजते की बघत राहावं.

"घड आले हे एवढे! खतवाला नाचायला लागला. मी म्हटलं, थांब रे बाबा, हे खताचं नाही, पाण्याचं आहे. यांना विचारलं, तिथेच का घातलंत? तर म्हणतात, चांगली रोपं होती, वाईट वाटलं दुसरीकडे घालायला." काकींनी काकांच्या पिशवीवर थाप मारली. "असं असतं. माणूस चांगल्याला आधी देतो, नाहीतर आवडत्याला देतो. तेव्हापासून मी ओळींच्या चिठ्ठ्या टाकते. डब्यात हात घालायचा, निघेल ती ओळ. तुमचा कॉम्प्युटर माझा डबाच आहे की!"

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. नव्या डॉक्टरांना ही गोष्ट समजावताना आम्ही फळ्यावर आकृत्या काढत होतो. पुढे त्या आकृत्या गेल्या आणि बावखलाची ओळ आली.

चित्रीकरण तासाच्या वर चाललं. शेवटी मी वर्ज्य पदार्थांची यादी वाचली : ग्रेपफ्रूट खाऊ नये, सेव्हिल संत्रं खाऊ नये. ती फळं शरीरात औषध साचवून ठेवतात.

"ग्रेपफ्रूट म्हणजे काय गो?"

"परदेशी फळ आहे, काकी. आपल्याकडे नसतं. तुम्हाला त्याची काळजी नाही. पुढचं वाचू?"

काकी मानेनेच हो म्हणाल्या. मी 'समजावून सांगितले' या रकान्यात खूण केली. खाली सही, तारीख, वेळ. सगळं कसं चोख.

एकच गोष्ट काकींना मुळीच पटली नाही. चाचणीच्या कागदांत रुग्णाचं नाव जात नाही, फक्त क्रमांक जातो. त्यांचा क्रमांक सतरा.

"माझं नाव कुठेच नाही?"

"गुप्त ठेवायचं असतं, काकी. तुमच्या भल्यासाठीच."

"मी काय चोरी केली आहे? आमच्या वाडीत गायवासरांनाच नाही, झाडांनासुद्धा नावं आहेत." बराच वेळ त्या धुसफुसत होत्या. पण पुढच्या भेटीला दारातून आत येताना त्यांनी स्वतःच आवाज दिला, "आला गो सतरा नंबर!" आणि मग तेच त्यांचं नाव होऊन बसलं.

कॉम्प्युटरने त्यांना नवी गोळी दिली. मला आनंद लपवता आला नाही. काकी मात्र विचारत होत्या, दुसऱ्या ओळीतल्यांची नीट देखभाल होते ना? त्यांनाही इतक्याच वेळा बोलावता ना? मी हो म्हटलं, तेव्हा त्यांनी बाटली पिशवीत घातली.

रोजच्या नोंदींसाठी आम्ही एक वही देत असू. त्यात छापील चौकटी होत्या : गोळी घेतली का, किती वाजता, काही त्रास. काकींनी पहिल्याच महिन्यात त्या वहीची शेतकी डायरी केली. चौकटीत 'आठ वाजता घेतली' आणि समासात उभ्या-आडव्या ओळींत बाकीचं सगळं. 'पेज घेतली. लोणच्याची अर्धी फोड. पाच पाट चालले, दम नाही.' 'राजेळीचा घड उतरवला. मान हलकी.' 'यांच्याशी भांडण. गोळीचा संबंध नाही.'

मी वैतागले. "काकी, चौकटीत लिहा ना. बाहेरचं कोणी वाचत नाही."

"तू वाच."

"मला कुठे वेळ आहे?"

"चौकटीत मावेल एवढंच माणसाला होतं का गो बाय?" त्या म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या. मी समास न वाचता पानं फाइलीला लावत राहिले.

गोळी मात्र कामाला लागली होती. दुसऱ्या महिन्यात मानेच्या गाठी बोरांएवढ्या झाल्या, चौथ्या महिन्यात हाताला लागेनाशा. पांढऱ्या पेशी उतरल्या. काकी येताना आता दोन हात हलवत येत आणि प्रतीक्षाकक्षात दरबार भरवत. तिथे शिंदे नावाचे नालासोपाऱ्याचे एक निवृत्त गृहस्थ होते, तेही याच चाचणीसाठी आले होते आणि भीतीने सही करायला तयार नव्हते. "आपल्याला उंदीर समजतात हो हे लोक," असं ते शेजाऱ्याच्या कानात सांगत होते.

काकींनी ते ऐकलं. "शिंदेभाऊ, उंदराला कोणी बावीस पानं वाचून दाखवतं का?"

शिंद्यांनी हातातलं संमतीपत्र उलटसुलट केलं.

"आणि नको वाटलं तर मधेच उठून घरी जाता येतं, पान आठ बघा. उंदीर जातो का घरी?"

अख्खा कक्ष हसला. शिंदेही हसले. त्या दिवशी त्यांनी सही केली आणि त्यांनाही नवी गोळी मिळाली.

भाद्रपद संपता संपता काकी आल्या त्या काकांचा हात धरून. "आला गो सतरा नंबर" ही आरोळी नव्हती. दोन्ही दंडांवर निळे-काळे डाग होते. मॅडमनी मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ठोके धावत होते आणि मधेच अडखळत होते. गोळी त्याच क्षणी थांबवली, काकींना दाखल करून घेतलं.

मॅडम मला बाहेर घेऊन गेल्या. "हा त्रास गोळीचाच असेल तर नियम स्पष्ट आहे. कायमची बंद. चाचणीतून बाहेर."

"मग पुढे काय देणार आपण?"

मॅडम काकींची फाइल पहिल्या पानापासून उलटायला लागल्या. ज्या गोळीने काकींना उभं केलं होतं, तीच आता हातची जाणार होती आणि मागे दुसरं काही नव्हतं.

मी माझी प्रश्नावली घेऊन काकींच्या खाटेशी बसले. रडू आलं की कागद हातात घ्यायचा, ही माझी जुनी युक्ती. दुसरं औषध घेतलं का? नाही. काढा, पाला, आयुर्वेदिक? नाही. गोळी दोनदा घेतली गेली का? "मी काय वेडी आहे?" ग्रेपफ्रूट खाल्लं का?

"ते परदेशी ना? तूच म्हणाली होतीस."

प्रश्नावलीत 'नाही' लिहायला मी पेन टेकवलं. मग का कोण जाणे, मोबाइलवर चित्र शोधून त्यांच्या समोर धरलं. "हे बघा, असं असतं."

काकींनी मोबाइल डोळ्यांजवळ घेतला. "हे पपनस आहे. लहानपणीच उतरवलेलं."

"नाही काकी, ग्रेपफ्रूट."

"आतून दाखव."

मी चिरलेल्या फळाचं चित्र शोधलं. त्या कितीतरी वेळ बघत होत्या. मग एकेका गोष्टीवर बोट ठेवत गेल्या. "साल बघ. सालीखालचा हा कापूस बघ. पाकळ्या बघ, रस कसा धरलाय बघ. एकाच घरातलं आहे हे. तुम्ही नाव काहीही ठेवा." त्यांचं बोट थांबलं. "माझी वही काढ."

मी वही काढली. समास पहिल्यांदाच वाचला. 'गणपती बसले. फळांत आपलं पपनस ठेवलं.' 'पपनस, मीठ-तिखट लावून, चार फोडी.' 'पपनस अर्धं.' 'पपनस. आज जरा धडधड.' गणपती गेले तरी झाडावरची फळं संपली नव्हती. जवळजवळ रोज पपनस होतं. त्याआधीच्या महिन्यांत एकदाही नाही, कारण तेव्हा झाडाला फळच नव्हतं.

वसईच्या वाडीवाडीत पपनसाचं झाड असतं, गणपतीपुढे ते फळ असतं, मी स्वतः विरारमध्ये वाढलेली. आणि मी कॅमेऱ्यासमोर म्हणाले होते, आपल्याकडे नसतं. खाली माझी सही होती. मी वही मिटली, प्रश्नावलीवर ठेवली, पेनाला टोपण लावलं. ते का, हे सांगायची मला आजही लाज वाटते.

"लिही की," काकी म्हणाल्या.

"काकी, तुम्ही वर्ज्य फळ खाल्लंत असं लिहावं लागेल. औषध कंपनीचे डॉक्टर ठरवतील काय करायचं ते. ते काढूनही टाकतील. आणि समजावून मी सांगितलं होतं, चुकीचं."

"नाही लिहिलंस तर?"

"तर गोळीलाच दोष लागेल."

"मग? गोळीवर खोटा आळ येऊ द्यायचा? उद्या दुसरा कोणी वाडीवाला येईल, त्यालाही तू परदेशी म्हणून सांगशील." त्यांना धाप लागली होती, पण थांबल्या नाहीत. "तुझी चूक लिही. माझीही लिही, मी दोनदा विचारायला हवं होतं. ओळींचं खोटं लिहिलं तर वाडी कशाला करायची?"

मी लिहिलं. मॅडमकडे गेले, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. खुर्चीतून उठून म्हणाल्या, "आधी सगळ्या रुग्णांना फोन लाव. आत्ता."

पहिला फोन शिंद्यांना लावला. पपनस अजिबात खाऊ नका, असं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "ताई, भाच्याने आगाशीहून आणलंय. ताटलीत सोलून ठेवलंय आत्ताच. चहा झाला की घेणार होतो."

"शिंदेसाहेब, ताटली खाली ठेवा."

"ठेवली."

पुढचे दिवस फार वाईट गेले. गोळी थांबली होती, पपनसही सुटलं, तसे काकींचे ठोके चार दिवसांत सरळ झाले, डाग पिवळे पडून विरले, काकी घरी गेल्या. पण कंपनीचा निर्णय येईना. मॅडमनी पत्रावर पत्र लिहिलं, समासाच्या प्रती जोडल्या, मी एकेका ओळीचं इंग्रजी करून दिलं, 'यांच्याशी भांडण' या ओळीसकट. तिसऱ्या आठवड्यात काकी तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी माझं बोट धरून आपल्या मानेवर ठेवलं. बोराएवढी एक गाठ परत आली होती.

"यांना सांगितलं नाही अजून," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत भीती मी पाहिली ती तेवढीच एकदा.

दोन दिवसांनी उत्तर आलं : दोष फळाचा, गोळीचा नव्हे. अर्ध्या मात्रेने सुरू करा, सोसली तर पूर्ण द्या. मी फोनवर ओरडूनच सांगितलं. पलीकडे फोन काकांनी घेतला होता. दोन वर्षांत काका माझ्याशी बोलले ते हे एकमेव पूर्ण वाक्य : "पोरी, परत एकदा सांग." मी परत सांगितलं. मग फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला आणि वाडीत लांबवर "अगो, अगो" अशा हाका ऐकू येत राहिल्या.

महिन्याभरात ती गाठ गेली. पुन्हा आलीच नाही. चाचणी पूर्ण झाली तेव्हा नवी गोळी जिंकली होती, इतकी उघड की जुन्या उपचारावर असलेल्यांनाही ती द्यायचं ठरलं. आम्ही पेढे वाटले. काकींनी पेढा हातात धरून ठेवला आणि मॅडमना म्हणाल्या, "त्या तशाच ओळीतल्या लोकांना आधी द्या. त्यांच्यामुळे कळलं हे." मॅडमनी तसंच केलं.

पुढे माझी बदली पुण्याला झाली. जाण्याआधी सांडोरला जाऊन आले. पिशवीत नव्याने छापलेलं माहितीपत्रक होतं. काकी मागच्या दारी होत्या, सत्तरीला आलेल्या, हातात आकडीची लांब काठी, खाली पपनसांचा ढीग. काका फळं उचलून टोपलीत ठेवत होते. मी पत्रक उघडून वर्ज्य फळांचं पान समोर धरलं. ग्रेपफ्रूट, सेव्हिल संत्रं, आणि त्यांच्या खाली ठळक अक्षरांत पपनस, शेजारी चिरलेल्या फळाचं चित्र. त्या वेळी ते फक्त मराठीत होतं. इतर भाषांतल्या पत्रकांतही पपनस तिथल्या तिथल्या नावाने जायचं होतं.

काकींनी पदराला हात पुसले आणि ती ओळ बोटाने वाचली. मग पान उलटून पाहिलं, मागे-पुढे.

"तुमचं नाव नाही टाकता आलं, काकी," मी म्हटलं. मला खरंच वाईट वाटत होतं. "नियमच आहे तसा."

"कशाला हवंय?" त्या म्हणाल्या. पत्रक घेऊन झाडाजवळ गेल्या, बुंध्याला हात लावला आणि मोठ्याने, शाळेत धडा वाचावा तसं, ती ओळ झाडाला वाचून दाखवली. "ऐकलंस? तुझं नाव छापून आलं. आता कोणी परदेशी म्हणायचं नाही."

मग ढिगातलं सगळ्यात मोठं पपनस निवडून त्यांनी माझ्या ओंजळीत दिलं. देण्याआधी नाकाजवळ धरून एक लांब श्वास घेतला. "वास घ्यायला बंदी नाही ना गो? बघ, छापलंय का कुठे?"

मी पत्रक खरोखरच तपासलं. सवय जात नाही. "नाही, काकी. वासाचं काही लिहिलेलं नाही."

"मग झालं," असं म्हणून सतरा नंबर काठी खांद्यावर टाकून केळींच्या ओळीत शिरल्या, पाण्यातून चालल्यासारखे पाय उचलत. काका टोपली घेऊन त्यांच्या मागे गेले.